ओटीपी मालकांच्या फोनवर, काम अकाउंटंटच्या टेबलावर: सोलापुरातल्या उद्योजकांसाठी संगणक सुरक्षेची कामे

महिन्याची २० तारीख, संध्याकाळचे सहा. जीएसटीआर-३बी (जीएसटीचे मासिक विवरणपत्र) भरायचा आहे, ओटीपी मालकांच्या मोबाइलवर येणार आणि मालक कुणाच्या तरी लग्नात. अकाउंटंट फोन करतो, मालक वाजंत्रीच्या वर आवाज चढवून सहा आकडे सांगतात, तोवर वेळ संपते, पुन्हा ओटीपी, पुन्हा फोन. अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून चाटी गल्लीपर्यंत हा प्रकार चालतो. यात अर्धा तास गेला हे सगळ्यांना दिसते. पण मालकांनी फोनवर ओटीपी सांगणे हा ऑफिसचा रिवाज होऊन बसतो, आणि भामट्याचा फोन येतो तेव्हा त्याला नेमका तोच रिवाज उपयोगी पडतो.

चादर-टॉवेलचे कारखानदार, युनिफॉर्मवाले, सूत व्यापारी यांच्याकडे पाच-पन्नास माणसांचे ऑफिस असते, पण संगणकाचे बघणारा पगारी माणूस नसतो. अशा ठिकाणी बहुतेक जण पहिला खर्च अँटिव्हायरसवर करतात. तो करा, पण त्याआधी कोणत्या कामाचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरवा. ही वाटणी नीट झाली की धोका घटतो आणि मालकांचा अडकलेला वेळही सुटतो.

अधिकार वाटा, ओटीपी नको

पहिले काम बँकेत. चालू खात्याच्या कॉर्पोरेट नेट बँकिंगमध्ये 'मेकर' आणि 'चेकर' अशी दोन पायऱ्यांची सोय असते. अकाउंटंटच्या नावाने मेकरचा स्वतंत्र युजर आयडी घ्या, स्वतः चेकर राहा. मेकर पेमेंटची नोंद करतो, तेव्हा पैसे हलत नाहीत. तुम्ही बँकेच्या ॲपवर पार्टीचे नाव, रक्कम आणि खाते क्रमांक पाहून मंजुरी देता आणि ओटीपी स्वतःच टाकता. ही सोय फक्त प्रायव्हेट लिमिटेडला मिळते असा समज आहे, पण अनेक बँका प्रोप्रायटरी आणि भागीदारी फर्मलाही देतात. शाखेत लेखी अर्ज करा.

सोबत मर्यादाही बांधून घ्या. तुमचे नेहमीचे सर्वांत मोठे पेमेंट, समजा, चार लाखांचे असेल तर एका सहीची मर्यादा पाच लाख ठेवा. त्यावर दुसऱ्या भागीदाराची किंवा घरातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाची मंजुरी लागू द्या. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. म्हणजे रविवारी रात्री पैसे जाऊ शकतात, पण तक्रार घेऊन शाखेत जायला सोमवार उजाडतो. गड्ड्याच्या यात्रेत किंवा दिवाळीत कारखाना बंद ठेवता, तेव्हा ॲपमधून रोजची मर्यादाही खाली आणा. दोन मिनिटांचे काम आहे.

ई-वे बिलाचा ओटीपी हे दुसरे दुखणे. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर सगळ्यांनाच लॉगिनच्या वेळी पासवर्डशिवाय दुसरा पुरावा द्यावा लागतो. ट्रक भरून उभा आणि मालकांचा फोन लागत नाही, हे त्यानंतर वाढले. याचा इलाज पोर्टलमध्येच आहे. 'युजर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन 'सब-युजर' तयार करा आणि तिथे डिस्पॅच सांभाळणाऱ्याचा मोबाइल क्रमांक द्या. मग त्याचा ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. त्याला फक्त लागतील तेवढेच अधिकार द्या. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी तो सब-युजर 'फ्रीज' करा. मूळ लॉगिनचा पासवर्ड मग गोडाऊनच्या भिंतीवर लिहून ठेवायची गरज उरत नाही.

आता डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे तुमची संगणकावरची सही साठवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण. कर सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये रबर बँड लावलेले टोकनचे जुडगे असते, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर मालकाचे नाव आणि त्याच्याच खाली पेनाने लिहिलेला पिन. तुमचे टोकन त्यात असेल तर तुमची सही त्या ड्रॉवरमध्ये आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० या सहीला हाताने केलेल्या सहीइतकेच मानतो आणि त्याच कायद्याचे कलम ४२ ती सही ताब्यात ठेवायची जबाबदारी तुमच्यावर टाकते. कंपनीचे फॉर्म, आयकर विवरणपत्र, टेंडर या सगळ्यांवर त्यानेच सही होते. सल्लागार कितीही विश्वासाचे असोत, त्यांच्याकडे कामाला येणारी पोरे दर वर्षी बदलतात.

टोकन परत आणा. ते लावून टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज युजर पिन' करा. विकत घेताना येणारा पिन बहुधा १२३४५६७८ असा सरधोपट असतो. इथे दोन चुका होतात. पिन आठवत नाही म्हणून अंदाजाने टाकत राहिलात तर ठरावीक प्रयत्नांनंतर टोकन लॉक होते. आणि लॉक काढायच्या नादात कुणी 'इनिशियलाइझ' दाबले तर आतले सर्टिफिकेटच पुसले जाते. मग नवे विकत घेण्यावाचून मार्ग नाही. सल्लागाराशी महिन्याचे दोन सह्यांचे दिवस ठरवा, त्या दिवशी टोकन जाईल, तुमच्या माणसासमोर सही होईल आणि परत येईल. वहीत नोंद ठेवा.

बँक, जीएसटी आणि आयकर यांना दिलेला मोबाइल क्रमांक व्हिजिटिंग कार्डावर, बिलबुकावर आणि गाळ्याच्या पाटीवर छापलेला असतो, ही आणखी एक खोड. या तीन कामांसाठी वेगळे सिम घ्या आणि तो क्रमांक कुणालाही देऊ नका. फोनची रेंज अचानक गेली आणि शेजारी त्याच कंपनीच्या फोनला पूर्ण रेंज असेल तर तुमच्या नावाने दुसऱ्याने सिम काढले असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवा, मग मोबाइल कंपनीला. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. जुन्या ड्रायव्हरला घेऊन दिलेली सिम तिथे हमखास सापडतात.

'आमचे बँक खाते बदलले आहे'

उद्योजकाचे मोठे नुकसान व्हायरसपेक्षा या एका वाक्याने अधिक होते. चोर आधी कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरतो, तुमच्या किंवा समोरच्या पार्टीच्या, आणि काहीही न करता पत्रव्यवहार वाचत बसतो. प्रोफॉर्मा क्रमांक, रक्कम, माल कधी निघणार, पैसे कधी जाणार हे त्याला सगळे माहीत असते. मग ऐन वेळी मेल येतो.

जुने रेपिअर माग परदेशातून आणायचे ठरले, असे धरा. ३० टक्के आगाऊ गेले, उरलेले ७० टक्के माल जहाजावर चढण्याआधी. चौथ्या दिवशी पैसे जाणार, तोच मेल: आमच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, या वेळी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवावी. लेटरहेड तेच, सही तीच, सगळा जुना पत्रव्यवहारही खाली जोडलेला. बदललेली असते ती फक्त पीडीएफमधली बँकेची चौकट आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यातले एखादे अक्षर. इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी-शेजारी आले की 'एम'सारखे दिसतात, आणि मोबाइलवर तर पत्ता दिसतच नाही, नुसते नाव दिसते. म्हणून पेमेंटचा मेल मोबाइलवर वाचून निर्णय घेऊ नका. संगणकावर उघडा, नावावर क्लिक करून पूर्ण पत्ता अक्षर अक्षर वाचा.

मग बँकेची चौकट तपासा. युरोपातल्या आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरे देशाची असतात आणि स्विफ्ट कोडमधले (परदेशी व्यवहारातल्या बँकेच्या कोडमधले) पाचवे-सहावे अक्षरही देशाचे. पुरवठादार इटलीचा, पण आयबॅनची सुरुवात 'आयटी' या अक्षरांनी होत नाही, तर तिथेच थांबा. देशातल्या पेमेंटला आयएफएससी पाहा: कोइमतूरच्या सूतगिरणीचे खाते एकाएकी भलत्याच राज्यातल्या शाखेत कसे गेले? रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी लाभार्थीचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की बँकेत नोंदलेले नाव दिसते. ती पायरी वगळू नका. ते नाव पार्टीच्या बिलावरच्या नावाशी जुळले नाही तर पेमेंट करू नका.

हे सगळे जुळले तरीही फोन करायचाच. फोन कोणत्या क्रमांकावर, हे सगळ्यात महत्त्वाचे. मेलमध्ये खाली दिलेला क्रमांक चोराचाही असू शकतो, म्हणून जुन्या फाइलमधल्या बिलावरचा किंवा तुमच्या फोनमध्ये वर्षभरापूर्वीपासून असलेला क्रमांक लावा. ओळखीच्या माणसाशी बोला आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्याच्याकडून ऐका, तुम्ही वाचून दाखवू नका. कुणी म्हणेल, एक रुपया पाठवून बघतो. हरकत नाही, पण 'रुपया मिळाला' हे उत्तर मेलवर आले तर त्याचा काहीच उपयोग नाही, कारण रुपया चोरालाच मिळालेला असतो आणि उत्तरही तोच देतो.

हाच डाव उलटाही पडतो. तुमचा मेलबॉक्स फुटलेला असेल तर टॉवेलचा परदेशी ग्राहक तुमचे पैसे चोराला पाठवून मोकळा होतो आणि माल तर निघून गेलेला असतो. प्रत्येक प्रोफॉर्मावर बँकेच्या चौकटीखाली ठळक ओळ छापा: आमचे खाते मेलने कधीही बदलले जात नाही, तसा मेल आल्यास पेमेंटपूर्वी या क्रमांकावर फोन करावा. नवा ग्राहक जोडताना खाते क्रमांक व्हिडिओ कॉलवर एकदा पक्का करून घ्या.

या डावाचा घरचा अवतारही आहे. अकाउंटंटला अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲप येते, फोटो मालकांचा: 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, या खात्यात तातडीने साडेतीन लाख आरटीजीएस कर.' आवाजाची हुबेहूब नक्कलही आता करता येते. अकाउंटंट बिचारा मालकांना उलट प्रश्न विचारायला घाबरतो, आणि हा डाव त्या भीतीवरच चालतो. म्हणून ऑफिसात नियम लिहूनच टाका: व्हॉट्सॲप, मेल किंवा फोनवरच्या सांगण्याने पेमेंट होणार नाही, मेकर-चेकरमधूनच होईल, आणि मालकांचा फोन कापून त्यांच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करणाऱ्याला कुणी रागावणार नाही. हा कागद मराठीत आणि तेलुगूत छापून अकाउंट्सच्या टेबलासमोर लावा. पूर्व भागातल्या कित्येक ऑफिसांत तेलुगू ओळ आधी वाचली जाते.

मेलबॉक्सची झडती

जीमेल असेल तर संगणकावर उघडा आणि पानाच्या अगदी खाली उजवीकडे 'डिटेल्स' दाबा. कुठल्या वेळी, कुठून, कोणत्या उपकरणावरून खाते उघडले ते दिसते. मग सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' हे दोन भाग पाहा. चोर आत शिरला की पासवर्ड बदलत नाही. तो एक नियम टाकतो: ज्या मेलमध्ये 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द आहे तो अमुक पत्त्यावर पाठव आणि इथून लपव. तुम्ही नंतर पासवर्ड बदललात तरी तो नियम तसाच चालू राहतो. अनोळखी नियम दिसला तर आधी त्याचा फोटो काढा, मग तो पुसा, पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांतून लॉगआउट करा. आउटलुकमध्ये हेच 'रूल्स' नावाखाली सापडते.

दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा. त्या वेळी मिळणारे बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा. फोन हरवला की लोक आपल्याच खात्याबाहेर अडकतात, ते हे कोड न ठेवल्यामुळे. कंपनीचे स्वतःचे डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारे नाव) असेल तर ते सांभाळणाऱ्याला एवढेच विचारा: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (तुमच्या नावाचा खोटा मेल ओळखायच्या सेटिंग) लावले आहे का, आणि डीमार्क नुसते 'नन'वर, म्हणजे 'काहीच करू नको'वर, तर नाही ना? 'नन'वर असेल तर तुमच्या नावाने गेलेला खोटा मेल अडवा, असे तुम्ही जगाला सांगितलेलेच नसते. आधी 'क्वारंटाइन'वर न्या, महिनाभर अहवाल पाहा, मग 'रिजेक्ट'. थेट 'रिजेक्ट' केले तर बिलिंग सॉफ्टवेअरमधून जाणारी तुमची खरी बिलेही परत येऊ शकतात.

व्हॉट्सॲप आणि पासवर्ड

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. एका खात्याला चार उपकरणे जोडता येतात. ऑफिसचा, घरचा आणि प्रदर्शनात कुणाच्या तरी लॅपटॉपवर एकदाच उघडलेला, असे सगळे तिथे पडून असतात. अनोळखी असेल ते काढा आणि 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा. लग्नाची पत्रिका, आरटीओचे चलन, बँकेचे केवायसी अशा नावाने येणारी फाइल 'एपीके', म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी, असेल तर ओळखीच्याकडून आली तरी उघडू नका. त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. अँड्रॉइडमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' हे व्हॉट्सॲपसाठी बंद ठेवा. असे ॲप एसएमएस वाचते, म्हणजे ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही.

पासवर्ड लांब हवा, अवघड चिन्हांचा नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा, एखादा आकडा घाला, झाले. फर्मचे नाव आणि वर्ष, किंवा सिद्धेश्वरांचे नाव आणि १२३ हे सोलापुरात कुणीही पहिल्या फटक्यात ताडून बघेल. मेल, बँक आणि जीएसटी यांचे पासवर्ड तरी एकमेकांपासून वेगळे ठेवा, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये साठवा आणि दर महिन्याला बदलायची सक्ती सोडा. त्या सक्तीने लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, दुसरे काही होत नाही.

टॅली आणि बॅकअप

ऑफिसातल्या चार संगणकांवर टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) चालावी म्हणून मुख्य संगणकावरचे डेटा फोल्डर शेअर केलेले असते आणि परवानगी 'एव्हरीवन, फुल कंट्रोल'. यातल्या कुठल्याही एका संगणकावर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) आले की ते शेअर फोल्डरमध्ये पोचते आणि सगळ्या वर्षांची खाती कुलूपबंद होतात. परवानगी ठरावीक युजरलाच द्या. टॅलीच्या आतही प्रत्येकाचा स्वतंत्र युजर करा, नाहीतर जुन्या तारखेचे व्हाउचर कुणी बदलले ते कधीच कळत नाही.

बॅकअपसाठी एक टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, 'अ' आणि 'ब' लिहा. रोज संध्याकाळी टॅली प्राइममध्ये 'आल्ट + वाय', मग 'बॅकअप', आणि तो हार्ड डिस्कवर. एका आठवड्यात 'अ', पुढच्यात 'ब'. जी वापरात नाही ती मालकांच्या घरी. काम झाले की डिस्क काढायचीच. संगणकाला कायम लावून ठेवलेली डिस्क किंवा पेनड्राइव्ह रॅन्समवेअरला संगणकाचाच भाग वाटतो आणि तीही कुलूपबंद होते. 'आमचे ड्राइव्हवर आपोआप जाते' हे उत्तर नेहमी मिळते, पण आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये बिघडलेली फाइलही आपोआपच जाते. गूगल ड्राइव्ह साध्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवसच ठेवते. ड्राइव्ह तिसरी प्रत म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणे नियमानेच भाग आहे.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप उघडून पाहा. 'रिस्टोअर' करताना जागा म्हणून नवे रिकामे फोल्डर निवडा. चालू डेटाचेच फोल्डर निवडले तर जुना बॅकअप आजच्या खात्यांवर बसतो आणि मधल्या दिवसांची बिले जातात. तपासणीच्या नावाखाली स्वतःचाच डेटा घालवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. रिस्टोअर झाल्यावर शेवटच्या विक्री बिलाचा क्रमांक आणि बँक लेजरची शिल्लक जुळवा. टॅलीव्हॉल्टचा (टॅलीचा डेटा कुलूपबंद ठेवायच्या सोयीचा) पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर तिजोरीत ठेवा, कारण तो विसरला तर डेटा परत मिळत नाही.

दुरून संगणक उघडणारे

टॅलीवाला किंवा प्रिंटरवाला एनीडेस्क या दुरून संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने जोडून दुरुस्ती करतो, त्यात गैर काही नाही. गैर आहे तो त्याने सोयीसाठी लावून ठेवलेला कायमचा पासवर्ड, जो त्याच्या बाकीच्या ग्राहकांकडेही तोच असतो. एनीडेस्कच्या सेटिंगमध्ये 'अनअटेंडेड ॲक्सेस' बंद करा आणि काम झाले की सॉफ्टवेअर बंद करा.

याहून धोक्याचे म्हणजे मालकांना घरून टॅली दिसावी म्हणून राउटरवर ३३८९ हा पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचे दार) उघडून दिलेले रिमोट डेस्कटॉप. असे उघडे पोर्ट शोधत इंटरनेटवर यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात, आणि पोर्टचा क्रमांक बदलला तरी ती शोधतातच. राउटरमधला तो 'पोर्ट फॉरवर्ड' काढा, घरून काम हवेच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसला जोडणारा खासगी, सुरक्षित मार्ग) लावून घ्या. हिशेबाच्या संगणकावरचा रोजचा युजर 'स्टँडर्ड' ठेवा, 'ॲडमिन' नको. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. बँकेचे काम ज्या संगणकावर होते तो तरी आधी बदला. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय हल्ल्याला अडवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते, ज्यांनी टाकले नव्हते त्यांचे संगणक गेले.

शेडमधला संगणक

जॅकार्डचे डिझाइन करणारा संगणक हा वेगळा प्राणी. डिझाइनचे सॉफ्टवेअर जुने, डोंगल (ते चालायला संगणकाला लावावी लागणारी किल्ली) जुना, म्हणून विंडोज ७ किंवा एक्सपी, आणि बदलले तर सॉफ्टवेअर चालत नाही. तो बदलायच्या मागे लागू नका; त्याची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. डिझाइन नेण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठरवा, त्याला रंगीत धागा बांधा आणि तो दुसऱ्या कशालाही लावू देऊ नका. लेबल आणि पॅकिंगच्या डिझाइनसाठी 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर ज्या संगणकावर आहे, त्यावर बँक उघडू नका. क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हाच दार उघडलेले असते.

शेडजवळच्या संगणकात सुताचा तूस पंख्यात आणि हीटसिंकवर बसतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांच्या पुढे जातो आणि मग संगणक आपोआप बंद पडायला लागतो; लोक विंडोज फॉरमॅट करतात, दोष तुसाचा असतो. दर तीन महिन्यांनी, आणि मार्चअखेर नक्की, ब्लोअरने साफ करा, पंखा बोटाने धरून ठेवा म्हणजे हवेच्या जोराने उलटा फिरून खराब होणार नाही. यूपीएस फक्त टॅलीच्या मुख्य संगणकाला आणि राउटरला द्या, लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, त्याचा भार एकदम चढतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, तेव्हा वर्षातून दोनदा मेन स्विच बंद करून किती मिनिटे टिकते ते बघा. व्हाउचर सेव्ह होताना वीज गेली तर टॅलीचा डेटा बिघडू शकतो. 'आल्ट + वाय'मध्ये 'रिपेअर' आहे, पण ते चालवण्याआधी बिघडलेल्या फोल्डरची प्रत बाजूला काढा.

वेळ कुठे वाचतो

अधिकार वाटले की बरेच फोन आपोआप थांबतात. उरलेल्यांपैकी बहुतेक तारखांचे असतात. गूगल कॅलेंडरमध्ये एक सामायिक कॅलेंडर करा: ७ तारीख टीडीएस, ११ जीएसटीआर-१, १५ पीएफ आणि ईएसआय, २० जीएसटीआर-३बी; आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या १५ तारखेला आगाऊ आयकर. आठवण तीन दिवस आधीची लावा. फसवणुकीचे मेल घाईच्या दिवशी सहज खपतात, त्यामुळे १७ तारखेला ३बी भरून झाला तर २० च्या संध्याकाळी आलेला 'जीएसटी नोटीस'चा मेल शांतपणे वाचता येतो.

ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, त्या येऊ द्या, पण तिथेच राहू देऊ नका. एका सामायिक शीटमध्ये तारीख, पार्टी, माल, नग, दर, कबूल केलेली तारीख एवढे सहा रकाने पुरतात. फाइलच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली की यादी आपोआप क्रमाने लागते. मराठी पत्रे युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधले पत्र शोधता येत नाही आणि दुसऱ्याच्या संगणकावर त्याचा कचरा दिसतो. जीमेलमध्ये 'अनडू सेंड' ३० सेकंदांवर ठेवा. 'विंडोज + व्ही' हे कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी दाखवते, कोटेशन बनवताना फार सोयीचे. मात्र कॉपी केलेला पासवर्डही त्यात राहतो, तो पुसा. जागेवरून उठताना 'विंडोज + एल'ने संगणक लॉक करा.

घात झालाच तर पहिला तास

पैसे गेले असतील तर सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन. सोबत बँकेच्या तक्रार क्रमांकावर दुसऱ्या माणसाने फोन करायचा. हाताशी काय हवे: खाते क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात गेले ते खाते. पैसे पहिल्या खात्यात असेपर्यंत गोठवता येतात, पुढे ते दहा खात्यांत फुटतात. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि पावतीचा क्रमांक घेऊन पोलिसांत जा. ऑफिस शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आणि कारखाना चिंचोळीला, म्हणजे ग्रामीणमध्ये, असे असेल तर हद्दीचा घोळ घालत पहिला तास घालवू नका; १९३० सगळीकडे एकच आहे. परदेशात पैसे गेले असतील तर तुमच्या बँकेच्या फॉरेक्स विभागाला लेखी 'स्विफ्ट रिकॉल' मागा आणि समोरच्या बँकेला त्यांच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल करा.

बँकेला लेखी कळवल्याची वेळ जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आणलेल्या नियमानुसार दोष तुमचा नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर जबाबदारी शून्य; ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

फाइल उघडत नाहीत आणि खंडणीची चिठ्ठी दिसते आहे, तर वायर उपसा, वायफाय तोडा, पण संगणक फॉरमॅट करू नका. चिठ्ठीचा आणि बदललेल्या फाइलच्या नावांचा फोटो घ्या, बाकीचे संगणकही नेटवर्कवरून काढा. बॅकअपची डिस्क त्या संगणकाला लावू नका. ती ताज्या विंडोज टाकलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडा. कंपन्यांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत: अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपायचे. सहा तासांत सगळे समजणार नाही, तेव्हा जेवढे माहीत आहे तेवढे लिहून पाठवा, उरलेले मागाहून कळवा.